अध्यक्षांच्या गाडीचे आरसे

गाडीला हातही न लावता मी निकाल दिला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी थोडा हुशार वाटण्याची शक्यता आहे.

पिंपळे सौदागरमधल्या आमच्या सोसायटीचे अध्यक्ष मूळ गावातले. जिथे आमच्या चार इमारती आहेत तिथे त्यांची ज्वारी होती, हे ते प्रत्येक सभेत एकदा सांगतात आणि आम्ही सगळे भाडेकरूंसारखे माना हलवतो. दसऱ्याला त्यांनी मोठी गाडी घेतली. कुलूप लावलं की तिचे दोन्ही आरसे आपोआप आत मिटत. गाडीतून उतरायचं, मागे न बघता किल्लीचं बटण दाबायचं आणि चालू लागायचं. मागे आरसे नमस्कार केल्यासारखे मिटत. या नमस्काराची त्यांना लवकरच सवय झाली.

आठवड्याभरात आरसे मिटेनासे झाले. फ्यूज उडाला होता. ड्रायव्हरने नवा घातला, तो दोन दिवसांत उडाला. तिसराही गेला.

हा ड्रायव्हर मराठवाड्यातला, पन्नाशीचा. थेरगावात एका खोलीत राहायचा. चाकणच्या एका कारखान्यातलं कंत्राटी काम सुटल्यावर सहा महिने रिकामा बसला होता, मग ही नोकरी मिळाली. मुलगी नर्सिंग शिकत होती, आणि तिचं शिक्षण याच नोकरीवर चाललं होतं. हे त्यानेच मला लिफ्टची वाट बघताना सांगितलं होतं.

रविवारी सकाळी मी दूध घेऊन येत होतो. पार्किंगमधून अध्यक्षांनी हाक मारली. शेजारी ड्रायव्हर आणि वॉचमन उभे होते.

"ओ इंजिनिअरसाहेब, जरा बघा की. फ्यूज ऱ्हात न्हाई राव. परवा उद्घाटनाला उतरलो, बटण दाबलं, तर आरसे आपले कान टवकारून तसंच. मानसं बघतात."

मी काचेतून आत पाहिलं. सॉकेटमध्ये रस्त्यावर मिळतो तसला स्वस्त चार्जर खोचलेला होता.

"हा कुणाचा?"

"माझा, सर," ड्रायव्हर म्हणाला.

"मग झालं. असले चार्जर आतून शॉर्ट होतात. सॉकेट, गाणी, आरसे सगळं एकाच फ्यूजवर असतं."

"परवा चार्जर नव्हताच की सर. काढून ठेवलो होतो. तरी बी उडायलाय."

"तू गप," अध्यक्ष म्हणाले. "साहेब सांगत्यात ना."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी चाकणला देखभाल विभागात वीस वर्षं बिघाडच शोधतो. हाताखालच्या कुणी न तपासता कारण लिहिलं तर मी कागद परत करतो, शिवाय चार शब्द सुनावतो. पण त्या सकाळी माझ्या हातात दुधाची पिशवी होती आणि तीन माणसं माझ्याकडे आदराने बघत होती. मी म्हणालो, "काही दिवस काढून ठेवा, बघू," आणि लिफ्टकडे वळलो. मागे ड्रायव्हर "चुकलं मालक, पुन्हा न्हाई लावणार" म्हणत होता, ते मला ऐकू आलं.

गुरुवारी फ्यूज पुन्हा उडाला. हा लपून चार्जर लावतो, असं ठरलं. शुक्रवारी त्याला काढल्याचं मला वॉचमनकडून कळलं.

नवा ड्रायव्हर आला. त्याच्याकडे चार्जर नव्हता. चार दिवसांत फ्यूज उडाला.

या वेळी मी दुधाची पिशवी घरी ठेवून गेलो. फ्यूज काढून त्या जागी दोन वायरींनी एक बल्ब जोडला. ही जुनी पद्धत आहे: शॉर्ट झाला की बल्ब भगभगून पेटतो, एरवी मंद राहतो. अध्यक्षांना दार धरून गाडी हलवायला सांगितलं. त्यांनी हलवली, बल्ब भगभगला. पुन्हा हलवली, मंद झाला. म्हणजे आत काहीतरी सरकत होतं. दोन सीटच्या मधल्या, वर तोंड असलेल्या सॉकेटमध्ये मी टॉर्च मारला.

तळाशी रुपयाचं नाणं होतं. गाडी उसळली की नाण्याची कड बाजूच्या पत्र्याला टेकायची आणि फ्यूज जायचा. चार्जर असो नसो. गाडी बंद करून, काडीला चिकटपट्टी लावून मी ते वर काढलं. त्यावर कुंकू वाळलेलं होतं.

दसऱ्याची पूजा अध्यक्षांनी स्वतः केली होती. दोन सीटच्या मध्ये पानसुपारीवर ठेवलेला रुपया घसरला असणार, आणि फोटो काढायच्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांनी नाणं दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावलं. "म्हंजे लक्ष्मी आतच बसली व्हती की! देवाऱ्यात ठिवतो."

"ठेवा. आणि त्या ड्रायव्हरला परत बोलवा. त्याची काही चूक नव्हती."

"आता कसं बोलवायचं, साहेब? नवा ठिवलाय. अन् चूक न्हवती तर त्यानं माफी कशाला मागितली?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. त्याने माफी कशाला मागितली ते मला नेमकं माहीत होतं. मी बल्बच्या वायरी गुंडाळत राहिलो.

वॉचमनकडून नंबर घेऊन मी ड्रायव्हरला फोन केला. नाण्याचं सांगितलं.

"मालकांना सांगितलात का, सर?"

"सांगितलं."

"मग?"

मी म्हणालो, आमच्या कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर हवाय का विचारतो, शब्द टाकतो.

"टाका की," तो म्हणाला. "तुमचा शब्द लोक लगेच ऐकतेत."

मी विचारलं. जागा नव्हती. हे सांगायला पुन्हा फोन केला, तर त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

अध्यक्षांची गाडी रोज सकाळी माझ्या गाडीशेजारी उभी असते. आरसे मिटलेले असतात. ते मला बघून दुरूनच हात वर करतात आणि सोबतच्या माणसाला सांगतात, "आपले इंजिनिअरसाहेब. यांनीच काढला शोधून."