मुठीतली चकती

दवाखान्यात तिला सगळे दुरुस्तीताई म्हणत. कॉम्प्युटर अडला, प्रिंटर रुसला, अगदी खुर्ची डगमगली तरी हाक तिलाच.

रुग्णांना नंबराप्रमाणे आत बोलावणारं सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं होतं. ते फक्त नाव पुकारायचं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तिने एक चकती आणवली. नंबर आला की ती हातात थरथरे. त्यासाठीच्या प्रोग्रामच्या चार ओळी मात्र तिने घाईत कंपनीच्याच मूळ फाइलमध्ये घुसवल्या. पुढे सुधारित आवृत्ती आली, जुन्या फाइलवर नवी बसली आणि त्या चार ओळी पुसल्या गेल्या.

त्या दिवशी एक ठार बहिरे आजोबा चकती मुठीत धरून दुपारपर्यंत बसून राहिले.

"अगं, मशीनमागोमाग मीही तीनदा पुकारलं!" काउंटरवरच्या मावशी कळवळल्या. "उठून विचारायचं तरी!"

"माझे बाबाही विचारायचे नाहीत," दुरुस्तीताई म्हणाली. सारखं 'काय?' म्हणायची लाज वाटून ते अखेरची वर्षं नुसती मान डोलवत राहिले होते.

त्यानंतर आजोबा चकती घेत, पण नजर मावशींच्या ओठांवर. पाणी प्यायलाही उठत नसत. तिला ते बघवेना.

तिने सगळं नव्याने लिहिलं. कंपनीच्या मूळ क्लासला, म्हणजे पुकारण्याचं काम सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या साच्याला, बोटही लावलं नाही. त्यापासून आपला वेगळा क्लास, वेगळ्या फाइलमध्ये, काढला. बाकी सगळं वारशाने जसंच्या तसं घेतलं. पुकारणं तेवढं आपल्या पद्धतीचं केलं. आधी मूळ क्लासप्रमाणे नाव घ्यायचं, मग चकती हलवायची. शिवाय प्रत्येक नवी आवृत्ती आधी बाजूच्या कॉम्प्युटरवर चढवून एक खोटा रुग्ण पुकारायचा, आणि चकती हलली नाही तर आवृत्ती तिथेच थांबवायची. हे सारं तिने तारखेसह वहीत उतरवलं.

पुढच्याच आवृत्तीत बाजूच्या कॉम्प्युटरवर चकती हलेना. कंपनीने आतलं काहीतरी बदललं होतं. पण शोधायचं कुठे हे ठाऊक होतं. स्वतःच्या क्लासमधली एक ओळ तिने बदलली, आणि मगच आवृत्ती काउंटरवर आली.

आजोबांना यातलं काही कळलं नाही. चकती दर वेळी हलत गेली, एवढंच. काही महिन्यांनी एका सकाळी मावशींनी तिला खूण केली.

"बघ तुझे प्रताप! म्हाताऱ्याला झोपायची सोय करून दिलीस."

आजोबा भिंतीला डोकं टेकून चक्क घोरत होते. नंबर आला. मूठ थरथरली. ते जागे झाले, टोपी सारखी केली आणि कुणाकडेही न बघता आत गेले.