ओट्यावरचं दूध

पांढऱ्याशुभ्र ओट्यावरून दुधाचा ओघळ निघाला होता आणि मी, त्या ओट्याची मालकीण, टाळ्या वाजवत उभी होते!

आयुष्यात पहिल्यांदा घर घेतलं, तेही भाड्यानं द्यायला. कर्ज, करारनामा, सोसायटीची परवानगी, गळका नळ, या सगळ्यात सहा महिने नुसती पळत होते. आज किल्ल्या देताना नंदिनीला, माझ्या पहिल्यावहिल्या भाडेकरणीला, दहादा बजावलं, "भिंतीला खिळा नको, ओट्यावर डाग नको." नव्या मालकिणीचा तोरा, दुसरं काय!

तिनं निमूट ऐकलं आणि विचारलं, "काकू, तुम्ही इथे दूध उतू घालवलंत ना?"

प्रत्येक कागद दोनदा तपासणारी मी नेमकं हेच विसरले होते. स्वतः राहायचं नव्हतं, म्हणून त्या चार भिंतींना घर समजलेच नव्हते.

"मग आज तुमच्याच हातानं," म्हणत तिनं आपल्या सामानातून पातेलं काढलं आणि दूध शेगडीवर चढवलं.

दूध फेसाळत वर आलं. सवयीनं माझा हात गॅसच्या बटणाकडे धावला. तिनं तो धरला. "जाऊ द्या काकू, जाऊ द्या!"

आणि गेलं की ते, भरभरून, चारी बाजूंनी!

भानावर येऊन मी फडकं शोधू लागले, पण ते कुठे ठेवलंय हे तिलाच ठाऊक. "बसा हो," ती हसली, "पाहुण्यांनी पुसायचं नसतं."

पाहुणी! घर झालं होतं.