मामाजींचा देवमासा

चहाचा कप जरा खाली ठेवा, राजेहो. मी काय अक्कल पाजळली ते ऐकताना चहा तुमच्या नाकात जाईल, आणि मग वहिनी मला पुन्हा घरात घेणार नाहीत. एवढा मोठा गाढवपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही. आणि केला तोही भर समुद्रात, बोटीतल्या बावीस माणसांच्या साक्षीनं!

आता तुम्ही म्हणाल, नागपूरच्या मनीषनगरात राहणारा माणूस, लकडगंजात प्लायवुडचं दुकान, याचा समुद्राशी काय संबंध? काहीच नाही! संबंध आला तो मामाजींमुळे. मामाजी म्हणजे माझे सासरे. खाप्याला शेती, वय शहात्तर, धोतर आणि पांढरी टोपी.

मागच्या वर्षी दुकानात प्लायची थप्पी माझ्या पायावर पडली आणि मी दोन महिने पलंगाला खिळलो. तेव्हा हा म्हातारा माणूस रोज सकाळच्या बसनं खाप्याहून यायचा आणि मला धरून आंघोळीला न्यायचा. जावयासमोर खुर्चीवर बसायलाही जो माणूस संकोचतो, तो जावयाची पाठ चोळत होता! हे उपकार कसे फेडायचे, सांगा.

पाय बरा झाल्यावर मी विचारलं, "मामाजी, तुमची काही इच्छा असेल तर सांगा."

"अहो, असं विचारते का कोणी?" बायको, वंदना, स्वयंपाकघरातून ओरडली. "काही बरंवाईट होऊन राहिलं का त्यायचं?"

पण मामाजी लाजत लाजत म्हणाले, "हाय ना जी एक. मले समुद्र पाहाचा हाय. आन् त्याच्यात तो देवमासा असते म्हणते, हत्तीपेक्षा मोठा, तो. चौथीच्या पुस्तकात चित्र होतं. मास्तर म्हणे, खरा असते. मले काही पटलं नाही."

चौथीपासून हा संशय मनात घेऊन या माणसानं पंचावन्न-साठ वेळा पेरणी केली! मी म्हटलं, बस. देवमासा दाखवीनच.

तर आम्ही तिघं मालवणला गेलो. तिथून एक बोट डॉल्फिन आणि नशीब असलं तर देवमासा दाखवायला खोल पाण्यात नेते. आमचं परतीचं रिझर्वेशन दुसऱ्याच दिवशीचं होतं, म्हणजे सकाळ एकच. मामाजी काही या वयात पुन्हा एवढा प्रवास करणार नव्हते. दिसला तर आज, नाहीतर कधीच नाही.

इथे माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. राजेहो, मी नागपूरचा माणूस! पेंच, ताडोबा, उमरेड मिळून माझ्या छत्तीस सफारी झाल्या आहेत. त्यात वाघ चारदाच दिसला ही गोष्ट वेगळी. पण जंगलाची शिस्त कोणी माझ्याकडून शिकावी! भडक कपडे नाहीत, अत्तर नाही, आवाज नाही. वंदनाची पिवळी साडी मी हॉटेलातच ठेवायला लावली आणि तिघांनाही हिरवट-मातकट कपड्यांत किनाऱ्यावर उभं केलं. बोटवाल्या पांडूदादांनी आम्हाला वरून भडक नारिंगी लाइफ जॅकेटं चढवली! झालं, आम्ही तीन संत्री बोटीत जाऊन बसलो.

पण म्हणून काय मी गप्प बसणार? ऊन पाठीवर राहील अशी डावीकडची जागा मी स्वतःसाठी धरली आणि मामाजींना उजवीकडे मागच्या कोपऱ्यात बसवलं. मग त्यांना पाठ पढवला.

"मामाजी, काहीही दिसलं तरी तोंडातून आवाज नाही. बोट दाखवायचं नाही. उठायचं नाही. जनावर बुजतं."

"बरं जी, जावईबापू."

"काहीही झालं तरी!"

"बरं जी. तुम्ही म्हणसान तसं."

तेवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण मी उभा राहून सगळ्या बोटीलाच भाषण दिलं. सोलापूरचे एक काका होते, त्यांना सर्दी झाली होती. ते दर पाच मिनिटांनी शिंकायचे, आणि दर शिंकेला मी ओठांवर बोट ठेवून "श्श्श!" करायचो. ठाण्याच्या एक ताई नवऱ्याशी बोलल्या की त्यांनाही "श्श्श!" शेवटी पांडूदादा म्हणाले, "साहेबानू, ह्यो दर्यो आसा, रान नाय."

मी त्यांनाही "श्श्श!" केलं.

तासभर नुसतं पाणी. मग डावीकडे पक्ष्यांचा थवा कलकलाट करायला लागला. मी टुणकन उठलो. अलार्म कॉल! जंगलात वानर खेकसलं की समजायचं वाघ निघाला; इथे पक्षी ओरडले, म्हणजे आलाच देवमासा! आणि खरंच, लाटांमधून एक काळी पाठ वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली.

"डावीकडे बघा! सगळे डावीकडे!" मी घोगऱ्या आवाजात हुकूम सोडला.

सगळी बोट माझ्या बाजूला लोटली. पांडूदादा "बसान घेवा, बसान घेवा!" म्हणत पुढं धावले. सगळ्यांचे मोबाइल त्या काळ्या पाठीवर रोखले गेले. आणि तेवढ्यात माझ्या मागून मोठ्ठा आवाज आला, फुस्सऽऽऽ!

माझं टाळकंच सरकलं. ऐन मोक्याच्या क्षणी शिंकतात म्हणजे काय? मी मागं न बघताच बोट उगारलं, "श्श्श! कितीदा सांगायचं, काका?"

"अहो, मी नाही!" काका माझ्या पुढ्यातून म्हणाले. "मी तर नाक दाबून धरलंय!"

पाठोपाठ सडक्या मासळीचा असा काही भपकारा आला की विचारू नका. मी ठाण्याच्या ताईंकडे वळलो. "ताई, आत्ताच सुकटीचा डबा उघडायचा होता का?"

"सुकट?" ताई कडाडल्या. "थालीपीठ आहे माझ्या डब्यात! वास तरी घेऊन बघा!"

हा वाद चालू असताना बोट त्या काळ्या पाठीजवळ पोचली. पांडूदादांनी लांब काठीनं ती ढोसली. टण्ण! जाळ्याला बांधलेलं प्लास्टिकचं काळं पिंप होतं ते.

सगळ्यांनी मोबाइल खिशात घातले, राजेहो, आणि माझ्याकडे बघितलं. परतायची वेळ झाली. माझी मान खाली. लोकांची लाज वाटत होतीच, पण मामाजींना आता तोंड कसं दाखवू, हे जास्त खुपत होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"मामाजी, माफ करा. नाही दिसला."

मामाजींनी इकडेतिकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "जावईबापू, आता बोलू का जी?"

"बोला ना!"

"आला होता ना जी! ह्या बाजूनं. इतला जवळ, का काठी लांबवली तं लागली असती. आपली बैलगाडी पाठीवरून चालून जाईन एवढा मोठा. म्हशीवानी फुसकारला, आन् हे पाहा."

त्यांनी टोपी काढून दाखवली. टोपी चिंब भिजली होती. आणि तिला वास येत होता तोच, सडक्या मासळीचा!

"मग बोलला का नाही तुम्ही, बाबा?" वंदनानं कपाळावर हात मारून घेतला.

"कसा बोलू वं? जावईबापूनं सांगतलं होतं ना, काहीही झालं तरी!"

पांडूदादांनी इंजिनच बंद केलं. "आजोबा, डोक्यार नाकपुड्यो किती होत्यो?"

"दोन. एकमेकीले लागून."

"डॉल्फिनाक एकच. दोन म्हणजे देवमासोच तो!" पांडूदादा मटकन बसले. "माका इतक्या जवळ कधी गावलो नाय."

"म्हणजे ते फुस्स माझं नव्हतंच!" सोलापूरचे काका उठून उभे राहिले. निर्दोष सुटलेल्या माणसाचा आनंद काय वर्णावा!

आता बोटीतले लोक मला समुद्रात लोटणार, अशी माझी खात्री झाली. पण ताई म्हणाल्या, "आजोबा, पहिल्यापासून सांगा." आणि मामाजींनी सांगितलं. पाठीचा रंग, अंगावरून ओघळणारं पाणी, तो बारीकसा डोळा. बावीस माणसं त्यांच्याभोवती लहान पोरांसारखी बसून ऐकत होती. ऐकता ऐकता ताईंनी माझ्याही हातावर थालीपीठ ठेवलं. इतकी भली माणसं, हो! मी त्यांचा देवमासा बुडवला आणि त्यांनी मला खाऊ घातलं. त्या सगळ्यांचे उपकार मी विसरणार नाही.

गोष्ट इथे संपली असती, तरी चाललं असतं. पण मामाजींना पोचवायला आम्ही खाप्याला गेलो, तर अंगणात अर्धं गाव जमलेलं. मामाजी ऐटीत सांगत होते,

"बोटीत बावीस माणसं. गलका झाला असता तं मासा बुजला असता. म्हणून आमच्या जावईबापूनं काय केलं? सगळ्यायले तिकडच्या बाजूले गुतवलं, आन् इकडून मले एकट्याले निवांत दाखवला!"

सगळं अंगण माझ्याकडे कौतुकानं बघायला लागलं. मी मामाजींच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा करताहेत का? छे! त्यांना अगदी मनापासून तसंच वाटत होतं. राजेहो, असा सासरा मिळायला पुण्य लागतं, आणि माझ्या खात्यावर तेवढं पुण्य नक्कीच नाही.

तेवढ्यात शेजारचे एकजण म्हणाले, "आन् मंग तो गेला कसा जी, काका?"

"कसा म्हणजे?" मामाजींनी अभिमानानं माझ्याकडे हात केला. "मले तं अजून पाहाचा होता. पण जावईबापूनं 'श्श्श' केलं ना, तसा मुकाट्यानं खाली गेला. जावयाचा शब्द त्यानंही मोडला नाही!"