खोट ठेवलेलं दार

चित्र पुरं झालं की पेंटरकाका त्यातल्या एका भिंतीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हितं खोट ठेवलीय. खोट ठेवली की नक्कल खोटी व्हत नाय."

कर्जतला माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. काका दहिवलीहून सायकल ढकलत यायचे. कॅरियरला चित्रांची गुंडाळी असली की सायकलवर बसायचे नाहीत. "कागद हादरतो रं." समोरच्या टपरीवर दोन चहा सांगायचे. एक स्वतःला, एक कागदाला. कागदाचा चहा गार करून ब्रशने पातळ फिरवला की कालचा कागद दोनशे वर्षांचा दिसू लागे.

उमेदीत त्यांनी सिनेमाच्या सेटचे पडदे रंगवले होते. तिथल्या एका साहेबाने जाताना मागे टाकलेलं जाडजूड पुस्तक त्यांनी घरी आणलं. युरोपातल्या जुन्या नाटकगृहांचे आराखडे होते त्यात. ग्रीक देवळासारखे खांब, वर त्रिकोणी माथा, आत घोड्याच्या नालासारखी बैठक. काकांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण कुठल्या खांबाला किती खाचा, हे तोंडपाठ. आयुष्यात एकही नाटकगृह आतून न पाहिलेला हा माणूस पट्टी आणि बारीक ब्रश घेऊन महिना महिना एक सज्जा रंगवत बसे.

आणि प्रत्येक नकलेत एक दार बुजवायचे. तिथे सरळ भिंत. पडदे रंगवायला शिकवणाऱ्या उस्तादाचा तो दंडक होता. नक्कल तंतोतंत झाली तर ती फसवणूक. मी मूळ पुस्तक शेजारी ठेवून ते हरवलेलं दार शोधायचो आणि काका मिशीत हसत चहा प्यायचे. त्यांचा चहा, कागदाचा नव्हे.

खालापूरकडच्या एका शेठने काकांची तीन चित्रं माझ्याकडून फ्रेम करून नेली. नेताना विचारलं, "सेम टू सेम आहे ना?" तुम्ही दुकानात बसत असाल तर माझं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "शंभर टक्के." त्या बुजवलेल्या दाराचं बोललो असतो तर काय बिघडलं असतं? पण नाही बोललो.

दीड वर्षाने शेठने त्या चित्रांबरहुकूम लग्नाचा हॉल बांधला. उद्घाटनाची पत्रिका आम्हा दोघांनाही आली. खांब बघून काकांचे डोळे भरले. आत गेलो, आणि ते डावीकडच्या बिनदाराच्या सरळ भिंतीपाशी थबकले. उजवीकडे दार होतं, पण त्याच्यापुढेच स्वयंपाकघर उभारून ते कायमचं बंद केलेलं. उरलं एकटं पुढचं दार. भिंतीला छतापर्यंत झिरझिरीत कापड, स्टेजवर फुलबाज्यांची कारंजी.

"माजी खोट बांधली रं ह्यांनी," काका म्हणाले.

त्यांनी शेठला तिथेच गाठलं. "शेठ, हितं दार व्हतं. मूळ चित्रात हाय. मीच खाल्लं. फोडून घ्या."

शेठ हसला. "काका, लोक इथं फोटो काढायला येतात, दारं मोजायला नाय."

त्यानंतर काकांनी ब्रश धरला नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी एसटीने खालापूरला जायचे, शेठच्या हातापाया पडायचे. मी दोनदा सोबत गेलो आणि दोन्ही वेळा गप्प उभा राहिलो. शेवटी वैतागून शेठ म्हणाला, "एवढंच वाटतं तर दार रंगवून द्या तिथं. पैसे देतो."

काका एकदम ताठ झाले. "आग लागली तर रंगवलेल्या दाराकडं मान्सं पळत्याल, शेठ."

शेठने तिथलं कापड काढून दुसऱ्या कुणाकडून तरी दार रंगवून घेतलं. चांगलं जमलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. शिसवी फळ्या, पितळी कडी, कडीखाली सावलीसुद्धा. काकांनी ते पाहिलं आणि घरी येऊन अंथरूण धरलं. छातीत कफ भरला होता. मी भेटायला गेलो तेव्हा माझं मनगट धरून म्हणाले, "फोडत नसंल तर निदान पुसायला तरी लाव त्याला. तू बोल. तुजं ऐकंल." मी हो म्हटलं. आठवड्यात काका गेले. मी शेठला फोन केलाच नाही. आज करू, उद्या करू. खरं सांगायचं तर त्या 'शंभर टक्क्यां'ची मला लाज वाटत होती.

परवा माझ्या भाचीचं लग्न त्याच हॉलमध्ये झालं. हॉल मी ठरवला नव्हता, पण नको असंही म्हणालो नाही. अक्षता पडल्या आणि स्टेजवर कारंजी उडाली. धूर छताला जाऊन तिथेच राहिला. माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीला ठसका लागला. ती उठली, पदर नाकाला लावून डाव्या भिंतीपाशी गेली आणि कडी चाचपू लागली. वर, खाली, पुन्हा वर. तिच्यामागे लेकरं घेऊन आणखी दोघी जाऊन उभ्या राहिल्या.

मी धावत गेलो. "आजी, ते चित्र आहे. दार नाही ते."

म्हातारीने भिंतीवरचा हात काढला नाही. "मंग खरं कुटं हाय रं?"

मी बोट दाखवलं. पुढचं दार हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होतं, आणि मधे चार-पाचशे माणसं नवरा-नवरीसोबत फोटो काढायला दाटीवाटीने उभी होती.