महादेवीची निळी

महादेवी, माझी बायको, रोज सकाळी अंघोळ करून, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायची. पूजा झाली की लिंग परत गळ्यात, आणि त्याच डाव्या तळहातावर मोबाईल. नजर तशीच खिळलेली. एकदा शेजारच्या सुमननं दारातून पाहिलं, चप्पल काढली आणि हात जोडले.

"काकू, आता मोबाईलमधी पूजा करायलात?"

"पूजा न्हाई गं बये. निळीला दाणापाणी."

निळी म्हणजे खेळातली समुद्री गोगलगाय. शंख नाही, नुसतं लोण्यासारखं अंग, डोक्यावर दोन शिंगं, पाठीवर झालर. लेकीनं तिचा जुना मोबाईल आईला दिला, त्यात हा खेळ होता. हिरवं शेवाळ चारलं की ती हिरवी व्हायची, निळं चारलं की निळी. महादेवी निळंच चारायची. आम्ही दोघांनी समुद्र पाहिलेला नाही. त्या उन्हाळ्यात तर उदगीरचे नळ कोरडे, टँकर आला की गल्लीत भांडणं. आणि हिच्या तळहातावर एवढं पाणी! मी अडाणी माणूस, बघतच राहायचो. बोटाची विभूती काचेला लागली की निळी अंग चोरायची. "गुदगुल्या होतात तिला," महादेवी म्हणायची.

महादेवीला शुगर होती. पायाची जखम काळी पडली. लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं, गुडघ्याखालून पाय काढा, नाहीतर विष चढेल आणि बाई जाईल. ही ऐकेना. तेव्हा उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती.

"जिल्हा झाला की मोठा दवाखाना हितंच येईल. तवा बघू."

"जिल्हा होईस्तोवर तू ऱ्हाशील का?"

"तुमच्या जिभेला काई हाड?"

एके सकाळी खेळातल्या खेकड्यानं निळीला धरलं. निळीनं मानेपासून सगळं अंग सोडून दिलं आणि नुसतं डोकं सरपटत निघालं. महादेवी त्या दिवशी जेवली नाही.

"मेली ती," मी म्हणालो. "खेळ हाय, ठिव खाली."

तिनं ठेवला नाही. त्या डोक्याला रोज शेवाळ चारलं, खेळातल्या उन्हात नेलं. डोकं खात राहिलं. मग कोंब फुटावा तसं मानेखाली अंग फुटलं, झालरीसकट. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. देवाशपथ सांगतो, झालर हलत होती.

महादेवीनं मोबाईल पदरानं पुसून खाली ठेवला. मग म्हणाली, "हिनं अख्खं अंग टाकलं. अन् मी एका पायाला धरून बसले."

"तुझा पाय काय परत फुटणार न्हाई."

"ठाव हाय मला. येडी न्हाई मी. लातूरची गाडी बघा."

पाय गेला, बाई राहिली. भाकरी थापली, कुबडीवर टँकरपाशी गेली. कुणी मागं सारलं तर म्हणायची, "पाय गेलाय माझा, तोंड न्हाई!"

गेल्या श्रावणात झोपेतच गेली. आमच्या लिंगायतांत जाळत नाहीत, मातीत बसवतात, मांडी घालून, हातात लिंग देऊन. खड्ड्यापाशी विधी करणारे जंगमस्वामी घुटमळले. एका पायाची मांडी कशी घालायची? कुणी विचारलं, पाठीला फळी लावू का?

"नगं," मी म्हणालो. "तिला बसता येतं."

बसवलं. ती कलली नाही.