ताईचा मुलूख

नात टीव्हीसमोर बसून खेळत होती. कुठल्याशा जुन्या खेळाचा नवा भाग आलाय म्हणे. पडद्यावर डोंगर, नदी आणि लांबवर एक मनोरा. "आजी, यात कुठंही जाता येतं. आधी काय, नंतर काय, आपलं आपण ठरवायचं," ती मला शिकवत होती. मनात म्हटलं, बाई गं, हे माझ्या ताईनं खापरखेड्यात केव्हाच करून ठेवलंय.

ऐंशी सालाच्या आसपास आम्ही तिथल्या वीजघराच्या कॉलनीत राहायचो. मे महिन्यात आया दुपारच्या झोपल्या की आमचा मुलूख उघडायचा. कुंपणाजवळ चिनी मातीचे फुटके तुकडे पडलेले असायचे, पांढरे, गुळगुळीत. ताई त्यातले सात निवडायची, प्रत्येकावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायची आणि कॉलनीभर लपवायची. दर उन्हाळ्याला ठिपक्याचा रंग नवा, भाग नवा; मुलूख मात्र तोच. मागच्या वर्षीची साधी बाभूळ यंदा राणीचा पहारेकरी व्हायची आणि तिला नमस्कार केल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही.

"पहिले कुठं जाऊ?" मी विचारायची.

"जिथं वाटते तिथं जाय. मी काहून सांगू वं?"

असा राग यायचा! पण हरवायची भीती नव्हती. कुठूनही वीजघराचं धुराडं दिसायचं आणि ते दिसलं की घर कुठं ते कळायचं. तुकडा शोधायला निघावं आणि वाटेत कैऱ्या पाडण्यातच दुपार जावी. ताई म्हणायची, तोही खेळच.

नियम एकच. सातही तुकडे सापडले की पुढचा भाग शोधणारीनं रचायचा आणि दुसरीनं तो खेळायचाच. मला सात कधी सापडले नाहीत, म्हणून रचणारी कायम ताईच.

मग तिचं लग्न ठरलं. मांडव घालायच्या गडबडीतसुद्धा तिनं त्या उन्हाळ्याचे तुकडे लपवले, लाल ठिपक्याचे, आणि वर्धेकडं सासरी निघून गेली. मला सहा सापडले. सातवा सापडला की भाग मी रचणार आणि ताईला खेळायला यावंच लागणार, नियमच तसा. मी खरोखर तसं मानत होते. शाळा सुटली की शोधायला. राखेच्या ढिगापाशी जाऊन आले की आई ओरडायची, "राखेत लोळायले गेलती का?" काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा तर कळसाच गावात नव्हता, पण ते मला दिवाळीत कळलं.

दिवाळीला ताई आली. बारीक झाली होती. पाणी प्यायलासुद्धा आईला विचारून उठली. आपल्याच घरात! मला रडूच आलं. दुपारी मागच्या पायरीवर तिला गाठलं.

"सातवा कुठं लपवला? सारी कॉलनी पालथी घातली मी."

ती धुराड्याकडं बघत म्हणाली,

"लपवलाच नाही वं. मी सोबत नेला. माह्या पेटीत हाय, शालूखाली. तिथं कुठं जायचं असलं तर विचारा लागते. मग मी तो तुकडा पाह्यतो जराशीक."

एवढं बोलून ती उठली. "थांब, आणला हाय मी. देतो तुले. सात झाले तुहे."

पेटीच्या कड्या वाजल्या तशी मी धावत जाऊन झाकणावर बसले.

"दाखवू नको, ताई. तुह्यापाशीच राहू दे. मले अजून सापडला नाही. मी शोधूनच राहिली."