भिंतीवरचे टाचे

कुणाच्याही घरी गेले की माझी नजर आधी छताकडे जाते, मग भिंतींकडे, आणि माणसांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. घोडपदेवच्या आमच्या चाळीत मला लहानपणापासून ‘चौकशी खिडकी’ म्हणतात. आई म्हणायची, नसत्या चौकशा करून एक दिवस मार खाशील. मार काही खाल्ला नाही, उलट याच खोडीवर नोकरी मिळाली. जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी आहे. इमारत मोजायची, कागदावर उतरवायची आणि त्यातलं मूळचं काय, मागाहून चिकटवलेलं काय, ते हुडकायचं, हे माझं काम.

काही वर्षांपूर्वी गिरगावातलं एक जुनं चर्च आमच्याकडे आलं. समोरचा रस्ता रुंद व्हायचा होता आणि पालिकेच्या नकाशावरची नवी रेष चर्चच्या पोर्चमधून जात होती. लाकडी खांबांचा, कौलांचा साधाच पोर्च. पण लग्न लागलं की जोडपं तिथं येऊन उभं राहतं, कुणी गेलं की पेटी आधी तिथं टेकवतात, आणि रविवारी मिस्सा संपली की सगळी वस्ती तिथंच गप्पा मारत रेंगाळते. चर्च पालिकेच्या हेरिटेज यादीत आलं तर रेषेला वळसा घ्यावा लागणार होता, नाहीतर पोर्च जाणार होता. फादरनी अर्ज केला. समितीचे एक साहेब पाहणीला आले, आत एक फेरी मारली आणि म्हणाले, “यात जुनं असं राहिलंय काय?”

प्रश्न झोंबणारा असला तरी रास्त होता. त्या चर्चवर लोकांनी फार जीव लावला होता, आणि जीव लावणं म्हणजे काहीतरी नवीन बसवणं. कुणी आईच्या आठवणीत ग्रॅनाइट घातलं होतं, कुणी मुलाला दुबईत नोकरी लागली म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या. पंख्यांच्या पात्यांवर देणाऱ्यांची नावं रंगवली होती. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, म्हणून मी भर उन्हाळ्यात एकेक पंखा बंद करत वाचत सुटले. प्रार्थनेला बसलेल्या दोन बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूटपणे बटणं पुन्हा लावली. भिंतींना कमरेपर्यंत टाइल्स होत्या, प्रत्येक कुटुंबाची वेगळी: हिरव्या, गुलाबी, शेवाळी. वेदीच्या डाव्या हाताला फिकट निळ्या, त्यांवर पांढरी फुलं. आमचे सर त्यांना मोरीच्या टाइल्स म्हणायचे. मला हसू यायचं खरं, पण पूर्ण नाही. आमच्या बुद्धविहारातही बाबांनी आजोबांच्या नावानं टाइल्स लावल्या होत्या, वर ‘कालकथित’ असं कोरून. त्याही काही फार वेगळ्या दिसत नव्हत्या.

मग दाराजवळची, ओल लागून फुगलेली एक गुलाबी टाइल माझ्या हातात आली. शपथेवर सांगते, मी नुसतं बोट लावलं होतं. मागं चुन्याचा जुना गिलावा होता आणि त्यावर विटकरी रंगाची एक रेघ. रेघेच्या टोकाला पान. हातानं काढलेलं, जरा वाकडंच. त्या दिवशी मी जेवले नाही, कारण जेवायची आठवणच झाली नाही. भिंतीभर अशी वेल असेल का? कुणी काढली असेल? आणि मग झाकली कधी, का?

साहेबांना पुन्हा बोलावलं. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, “छान आहे, पण हे वीतभर आहे, त्यात ओलीनं खाल्लेलं. सलग पट्टा दाखवा, मी हेरिटेज श्रेणी द्यायला सांगतो.”

ओल न लागलेली भिंत एकच होती, वेदीच्या डाव्या हाताची. बाकी टाइल्सवाल्यांनी फादरना कधीच होकार दिला होता. निळ्या टाइल्सवाल्या आंटी मात्र नाही म्हणत होत्या. त्यांची मुलगी शाळकरी वयात तापानं गेली होती, तिच्या आठवणीतल्या टाइल्स त्या. फादर मला म्हणाले, “मी आता तिसऱ्यांदा विचारणार नाही. तूच जाऊन बघ.”

आंटी खोताच्या वाडीत राहायच्या, लाकडी जिन्याच्या घरात, एकट्याच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी जिना चढता चढता कठड्याची नक्षी बघत होते, तेवढ्यात वरून आवाज आला, “घर मोजायला आलीस की माझ्याशी बोलायला?” बोलताना त्यांच्या ‘मला’चं मध्येच ‘मना’ व्हायचं. त्यांनी चहा ठेवला, खारी काढली आणि समोर बसल्या.

“तुमच्या ऑफिसात मोरीच्या टाइल्स म्हणतात ना?”

मी खोटं बोलू शकले नाही. “सर म्हणतात.”

“सरांना सांग, त्या वेळी लालबागच्या दुकानात सगळ्यात भारी त्याच होत्या.” मग म्हणाल्या, “पोर्च जाईल म्हणून सगळे माझ्यावर राग धरून आहेत. मलाही पोर्च पायजे. माझी पोरगी तिथूनच गेली. पण टाइल्स काढल्या तर तिचं तिथं काय राहील, सांग.”

मी त्यांना आमच्या विहाराचं सांगितलं. दुरुस्तीत आजोबांच्या टाइल्स काढाव्या लागल्या तेव्हा बाबा कितीतरी दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

“मग आता येतात विहारात?”

“येतात. त्याच भिंतीशी बसतात.”

आंटींनी कप खाली ठेवला. “माझ्या टाइल्सच्या मागं नक्की आहे का काही?”

“माहीत नाही, आंटी. नसेलही.”

“मग कशाला काढतेस?”

“बघायला.”

त्या हसल्या, पहिल्यांदाच. “तू पण ना, बाय. एवढी वर्षं मी त्या भिंतीला खेटून बसते आणि मागं काय आहे हे मना एकदाही विचारावंसं वाटलं नाही. चल, बघू तरी.” अट एकच होती, काढताना त्या समोर असणार.

ठरलेल्या दिवशी चर्चमध्ये बरीच माणसं जमली. फादर होते, साहेब होते, आणि नेहमीच्या रविवारवाल्या बायका जपमाळ हातात घेऊन पण डोळे भिंतीकडे लावून बसल्या होत्या. आंटी आपल्या नेहमीच्या बाकावर. मिस्त्रीनं पहिली निळी टाइल सावकाश सोडवली आणि सगळ्यात आधी आंटींच्या हातात दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवली. मग दुसरी, तिसरी.

वेल होती. विटकरी देठ, हिरवट पानं, मध्येच एखादं निळं फूल, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. पण तिच्यावर सगळीकडे टाचे होते. टाइल बसवण्याआधी मिस्त्री गिलाव्यावर छिन्नी-हातोड्यानं खड्डे पाडतात, सिमेंट धरावं म्हणून. त्यांना टाचे म्हणतात. या टाच्यांमधून वेल दिसत होती, जाळीच्या दारातून अंगण दिसावं तशी. साहेब गुडघ्यांवर बसून फोटो काढत राहिले. शेवटी उठून पँट झटकली आणि फादरना म्हणाले, “झालं. हे पुरेसं आहे. तुमचा पोर्च राहील असं समजा.” बायकांनी क्रूसाची खूण केली आणि ही बातमी सांगायला सगळ्या जणी एकदम बाहेर गेल्या, त्याच पोर्चमध्ये.

आत आंटी आणि मी राहिलो. मी टेप लावून टाचे मोजत बसले. मला एक गोष्ट छळत होती. दाराजवळच्या भिंतीवर टाचे वरवरचे होते, लांब लांब. इथं ते एकाला एक लागून होते आणि इतके खोल, की काही ठिकाणी आतला दगड उघडा पडला होता. टाइल धरायला एवढ्याची गरज नसते.

मी सवयीनं विचारून टाकलं, “आंटी, इथंच एवढे खोल का हो मारले? मिस्त्री नवखा होता का?”

“नाही, नाही. चांगला होता मिस्त्री. मीच सांगितलं होतं त्याला.”

“काय?”

“जोरात मार म्हणून.” त्या भिंतीकडेच बघत होत्या. “घरात तेव्हा सासू होती, दीर-जावा होत्या, नवरा होता. रडायला लागले की सगळे गप्प कर, गप्प कर म्हणायचे. किती दिवस माझ्या गळ्यातून आवाजच निघाला नाही. त्या दिवशी इथं येऊन बसले, यानं हातोडा मारायला घेतला, आणि मना रडायला आलं. मोठ्यानं. त्या ठोकाठोकीत कुणाला ऐकू गेलं नाही. तो थांबला की मलाही थांबायला लागायचं. म्हणून म्हटलं, अजून मार, बाबा. तो बिचारा मारत राहिला.”

मी टेप गुंडाळली. अशा खड्ड्यांबद्दल अहवालात आम्ही एक ठरलेलं वाक्य लिहितो, चुन्यानं भरून घ्यावेत आणि वरून रंग जुळवावा. ते वाक्य मला त्यांच्यासमोर लिहवेना. मी विचारलं, “आंटी, हे टाचे भरायचे की तसेच ठेवायचे? तुम्ही सांगाल तसं मी लिहीन.”

त्यांनी मांडीवरच्या टाइलवरची धूळ पदरानं पुसली.

“भर, बाय,” त्या म्हणाल्या. “आता घरात मी एकटीच असते. आता कधीही रडता येतं.”